पंधरा वर्षं झालेली डिझेल गाडी: मंगळवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका घराचं. नावं बदललीत, गाडीचा नंबर देत नाही, बाकी आकडे त्यांच्या वहीतले आणि माझ्या फाईलीतले आहेत. मी गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, आणि इन्शुरन्सवाल्याला लोक काय वाट्टेल ते विचारतात, गाडी ठेवू का विकू, पासिंगला किती लागतंय, दिल्ली पासिंगची घेतली तर चालंल का. त्यातलंच हे एक, पण हे डोक्यात राहिलं म्हणून सविस्तर लिहितोय.

घरात चौघं. आबा, वय ७४, साखर कारखान्यातनं क्लार्क म्हणून रिटायर झालेले. संदीप, उद्यमनगरात मशीनच्या स्पेअर पार्टचं दुकान. स्मितावैनी शाळेत शिकवतात. आणि नातू चिकू, वय ९, त्याला बाळदमा, हिवाळा सुरू झाला की पंप आणि नेब्युलायझर घरात बाहेर येतो.

गाडी ऑगस्ट २०१० ची, डिझेल, १२४८ सीसीचं ते त्या काळी अर्ध्या भारताच्या गाड्यांत असायचं ते इंजिन, बीएस-३ (धुराच्या मर्यादेचा सरकारी टप्पा, आकडा वाढंल तशी मर्यादा कडक). तेव्हा डिझेल घेणं म्हंजे हुशारीच होती. पेट्रोलचा दर जून २०१० मधे सरकारनं मोकळा सोडला, डिझेलवरचा हात ऑक्टोबर २०१४ पर्यंत पूर्ण काढला नव्हता, त्यामुळं मधल्या चार वर्षांत फरक एवढा वाढला की मे २०१२ मधे दिल्लीत पेट्रोल ७३ च्या वर आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. संदीपचं तेव्हा गोकुळ शिरगाव, कागल, बेळगाव, महिन्यातनं दोनदा पुणं असं फिरणं, वर्षाला १७-१८ हजार किलोमीटर आरामात, आणि गाडी २२ च्या वर ॲव्हरेज द्यायची. हिशोबात चूक काहीच नव्हती.

नंतर काय झालं की माल ट्रान्सपोर्टनं यायला लागला, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायला लागल्या, संदीपनं दुकानाला जायला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि गाडी दारात उभी राहायला लागली. मीटर १ लाख ७२ हजारावर. आता वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर, तेही असले, आबांना दवाखाना, वैनींची भाजी, रविवारी रंकाळा, कधीतरी जोतिबा. म्हंजे इंजिन नीट तापायच्या आधीच बंद. डिझेलला ह्यापेक्षा वाईट वापर नाही, काजळी ईजीआरमधे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इनटेकमधे (हवा आत जायची वाट) साठत जाते आणि मग एक दिवस ॲक्सिलेटर दाबला की मागं काळा ढग.

अडचण कशी उभी राहिली

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आबांचा फोन. टीव्हीवर दाखवलंय, दिल्लीत १ तारखेपासनं जुन्या डिझेल गाड्यांना पंपावर तेलच देत नाहीत. "आता हिकडं पण तसंच करणार बघ, गाडी दारात कुजणार." मी म्हटलं आबा, तो नियम दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरचा आहे, हरित लवादानं १० वर्षांवरच्या डिझेलला तिथं बंदी घातली, २०१८ मधे सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, महाराष्ट्रात वयावर बंदी नाही. (दिल्लीचा तो पंपावरचा हुकूम पण काही दिवसांतच पुढं ढकलला, ते वेगळं.) पण ह्या निमित्तानं आरसी बघा म्हटलं. बघितली. मुदत २१ ऑगस्ट २०२५. दीड महिना राहिलेला आणि घरात कुणाला पत्ता नाही.

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो आला टीव्हीमुळं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं ५-५ वर्षांनी वाढवता येतं आणि मुदतीआधी ६० दिवसांपासनं अर्ज करता येतो. ते ६० दिवस जूनमधेच सुरू झाले होते.

खर्च काढला. रजिस्ट्रेशन नूतनीकरण ५,००० (एप्रिल २०२२ च्या आधी हेच ६०० रुपयांत व्हायचं), पर्यावरण कर म्हंजे ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात तो डिझेल कारला ५ वर्षांचे ३,५००, नवीन नंबरप्लेट जीएसटी धरून ८७९, पीयूसी १५०. म्हंजे साडेनऊ हजार आणि वरचं किरकोळ, माझा इन्शुरन्स सोडून.

ग्रीन टॅक्स म्हटल्यावर आबा भडकले. आबा कोल्हापूरच्या टोल आंदोलनातले, म्हंजे शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धच्या. एन. डी. पाटील सरांच्या मोर्चात चालत गेलेले, आणि २०१५ अखेर सरकारनं टोल रद्द केला तेव्हा पेढे वाटलेले. त्यांचं म्हणणं सरळ, "साडेतीन हजार घ्या, पण त्या पैशातनं आमच्या पेठेत काय होणार ते सांगा. धूर कमी होणाराय का? मी पैसे दिले म्हणून गाडी धूर सोडायची थांबणाराय का?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आत्ताही येत नाही.

दुसरी अडचण वैनींची होती आणि ती जास्त खरी होती. आबांची सवय, रोज सकाळी सहाला गाडी स्टार्ट करायची आणि पाच-सात मिनिटं तशीच सोडायची, "गरम हू दे". बोळ एवढा अरुंद की दोन स्कूटर कशाबशा पास होतात, आणि सायलेन्सरचं तोंड चिकूच्या खिडकीखाली. डॉक्टरांनी कुठं गाडीचं नाव घेतलं नव्हतं, ते एवढंच म्हणाले होते की धूर, धूळ, उदबत्ती ह्यापासनं लांब ठेवा. वैनी वर्षभर सांगत होत्या. पण सासऱ्याला किती वेळा सांगणार.

हवेचं एकूण चित्र

इथं जरा थांबतो, कारण ह्याच्यावर आमचे वाद झाले. कोल्हापूरची हवा म्हटलं की लोक हसतात, मुंबई-दिल्लीसारखं कुठं आहे म्हणतात. पण २०१९ मधे केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला त्यात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा मर्यादेत बसत नाही त्या यादीत कोल्हापूर आहे, शेजारी सांगली पण आहे. पीएम १० म्हंजे हवेतले बारीक कण, त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. मोजणी शिवाजी विद्यापीठ, दाभोळकर कॉर्नर आणि महाद्वार रोडला होते, आणि दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सातला पाच मिनिटं उभा राहिलेल्या माणसाला मशीनची गरज नाही.

पण दोष एकट्या डिझेल कारचा नाही, हे संदीप बरोबर म्हणत होता. रस्त्याची धूळ आहे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आहेत, गुऱ्हाळं आहेत, ऊस तुटला की पाला पेटवतात, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत, वडापच्या, म्हंजे शेअर प्रवासी वाहतुकीच्या, जीपा आहेत. धूळ जाडी असते, बरीचशी नाकात अडकते. डिझेलची काजळी बारीक, पार फुफ्फुसाच्या तळाला जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मधेच डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलाय. शहरभराच्या सरासरीत आबांची गाडी म्हंजे चिमूटभर, पण बोळात सकाळी सहाला तीच सगळी हवा.

समोरचे पर्याय

संदीपच्या दुकानात बसून कागदावर लिहिलं. चहा तीनदा झाला.

पहिला, रिपासिंग म्हंजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करून गाडी वापरत राहायची. साडेनऊ हजार आणि गॅरेजला जे लागंल ते.

दुसरा, विकायची. बाजारात विचारलं तर पासिंग न केलेली ५५-६० हजार, आणि पासिंग करून २०३० पर्यंतची आरसी हातात असंल तर लाख-सव्वालाख. ग्रामीण भागात ह्या इंजिनला अजून मागणी आहे, कुठल्याही मिस्त्रीला ते डोळे झाकून उघडता येतं. माझा सल्ला हाच होता, पासिंग करा आणि विका. सल्ला देताना मी फक्त रुपये बघितले हे आधीच सांगून टाकतो.

तिसरा, अधिकृत स्क्रॅप केंद्राला द्यायची. आम्ही ज्या केंद्राशी बोललो ते जिल्ह्याबाहेरचं होतं, त्यांनी वजनावर २७ हजार सांगितले. तिथनं एक सर्टिफिकेट मिळतं, ते दाखवून नवी गाडी घेतली की राज्याच्या रोड टॅक्समधे सवलत, आधी १० टक्के होती ती २०२५ मधे १५ टक्के केली. ऐकायला भारी वाटतंय, पण ती १५ टक्के गाडीच्या किमतीवर नाही, टॅक्सवर आहे. संदीपनं शेवटी घेतली ती ७ लाख ९० हजाराची सीएनजी गाडी धरली तर टॅक्स ८ टक्क्यांनी ६३,२००, त्याचे १५ टक्के ९,४८०. म्हंजे स्क्रॅपचे एकूण साडेछत्तीस हजार. आणि इलेक्ट्रिक घेतली तर? इलेक्ट्रिकला टॅक्सच माफ आहे, मग शून्याचे १५ टक्के शून्य. सगळ्यात स्वच्छ गाडी घेणाऱ्याला जुनी मोडायला ह्या योजनेतनं एक रुपया नाही, हे आम्हाला तिथं कागदावर लिहिल्यावर कळलं.

उद्यमनगरातला भंगारवाला रोख ३४ हजार देत होता. हा मोह खरा होता कारण सर्टिफिकेटची सवलत धरूनसुद्धा फरक अडीच हजाराचा, आणि हा माणूस दुपारी गाडी उचलून नेणार होता. मी नको म्हटलं. आरसी रद्द होत नाही, चॅसी नंबर कुणाच्या हातात जातो माहीत नाही, आणि उद्या त्या नंबरवर काय झालं तर पोलीस संदीपच्याच दारात येणार.

चौथा पर्याय एका ओळखीच्या एजंटनं आणला, दिल्ली पासिंगची २०१७ ची मोठी डिझेल गाडी, साडेपाच लाखात, चकाचक. दिल्लीत १० वर्षं भरत आली की तिथले लोक गाड्या पडेल किमतीला काढतात आणि त्या आपल्याकडं येतात. संदीप दोन दिवस हवेत होता. मग एनओसी, इथला वयानुसार भरायचा टॅक्स, एमएच ०९ नंबर करून घ्यायचा, सगळं मांडल्यावर स्वस्ताई निम्मी गेली, आणि वैनींनी विचारलं की एक डिझेल काढून दुसरी डिझेल आणणार का. विषय तिथं संपला.

नवीन डिझेल घ्यायची का हाही प्रश्न निघाला आणि हा मात्र नीट समजून घ्यायला हवा. बीएस-६ डिझेल खूप स्वच्छ आहे, कागदावर बीएस-३ ला किलोमीटरला ०.०५ ग्रॅम काजळी चालायची, बीएस-६ ला ०.००४५. अकरा पट फरक. पण ते होतं सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या फिल्टरमुळं, आणि तो फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला २०-२५ मिनिटं सलग पळावी लागते. मंगळवार पेठ ते बिंदू चौक ते महाद्वार रोड अशा फेऱ्यांत तो भरणार आणि डॅशबोर्डवर दिवा लागणार. संदीपचा वापर बदललाय, त्याला डिझेल नकोच. त्या बोळात चार्जिंगची सोय नाही म्हणून इलेक्ट्रिक कार पण बाजूला पडली.

कराचा हिशोब, जो मला अजून पचत नाही

नवीन गाडी घेताना महाराष्ट्रात १० लाखापर्यंतच्या पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. म्हंजे डिझेल वाईट म्हणून २ टक्के जास्त. बरं. पण पंपावर उलटं (आकडे २०२५ चे). राज्याचा व्हॅट आपल्या भागात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. केंद्राची एक्साईज तेव्हा पेट्रोलला २१ रुपये ९० पैसे होती, डिझेलला १७ रुपये ८०. शोरूममधे दटावायचं आणि पंपावर लाड करायचे. ह्याला कारण आहे, डिझेलवर ट्रक, एसटी, ट्रॅक्टर चालतात, ते महागलं की भाजी महागते, कबूल. पण त्याच नळीतनं कार पण पितात.

आता ग्रीन टॅक्स. तो खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर लागतो, गाडी किती फिरते, किती धूर सोडते, ह्याच्याशी संबंध नाही. आबांची गाडी वर्षाला ३,५०० किलोमीटर, बीएस-३ च्या मर्यादेनं काढलं तर १७५ ग्रॅम काजळी. (जुनी गाडी प्रत्यक्षात जास्त सोडते, पण तुलनेला हा आकडा धरू.) माझा एक क्लायंट आहे, २०१७ ची बीएस-४ डिझेल, वर्षाला २५ हजार किलोमीटर, ०.०२५ नं ६२५ ग्रॅम. त्याला २०३२ पर्यंत ग्रीन टॅक्स शून्य. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मी सांगत होतो ते काय वेगळं होतं?"

काय केलं, आणि कुठं घसरलो

ठरलं असं की आधी रिपासिंग, मग दिवाळीपर्यंत बघू. कारण सरळ होतं, पासिंग केलं की पुढचे सगळे रस्ते उघडे राहतात, न केल्यावर गाडीची किंमत निम्मी. नंबरप्लेट जुलैमधे बुक केली, ती १३ ऑगस्टला बसली.

१६ ऑगस्टला पीयूसीला गेलो. ॲक्सिलेटर दाबून धुराची घनता मोजतात, बीएस-३ ला मर्यादा ६५. आली ७१. फेल. तिथला पोरगा म्हणाला, "दादा, तीनशे द्या, बसवतो ५८ मधे." संदीप माझ्याकडं बघायला लागला. मी काय साधू नाही, असली सर्टिफिकेटं हातातनं गेलेली मी बघितलीत. पण वैनी गाडीत मागं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चिकूच्या खिडकीत ५८ येणाराय का ७१?" संदीपनं गाडी वळवली आणि सरळ उद्यमनगर.

मिस्त्रीनं १८ ते २० ऑगस्ट तीन दिवस घेतले. एअर फिल्टर मातीचा गोळा झालेला, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं निम्मा बंद, एक इंजेक्टर गळत होता. साडेचौदा हजार बिल. वर म्हणाला, "टेस्टच्या आधी कागलपर्यंत जोरात मारून आणा." आणली. चौथ्या गिअरऐवजी तिसऱ्यात, इंजिन ओरडतंय, मागं जो काय धूर निघाला तो बघून मागचा ट्रकवाला पण हॉर्न वाजवायला लागला. मग पीयूसी, रीडिंग ४६. पास. मधली काजळी आम्ही हायवेकडंच्या शेतात सोडून आलो हे त्या रीडिंगमधे कुठं येत नाही. त्या टेस्टमधे नायट्रोजन ऑक्साईड पण मोजत नाहीत, नुसता धूर किती दाट एवढंच.

आता खरी घसरण. २० तारखेला सगळं तयार होतं, २१ ला मुदत. आणि आबा अडून बसले की ग्रीन टॅक्स भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न. मी, संदीप, शेजारचे मास्तर, सगळ्यांनी सांगून बघितलं, नाही म्हंजे नाही. २५ तारखेला वैनींनीच मोबाईलवरनं भरून टाकला आणि पावती फ्रीजला चिकटवली, आबा दोन दिवस बोलले नाहीत. पण चार दिवस उशीर म्हणून महिन्याचा लेट फी लागलाच, आणि गाडी रस्त्यावर काढता येईना, कारण मुदत संपलेल्या गाडीला काही झालं तर क्लेम अडकतो हे मीच सांगितलेलं. २७ ला गणपती. पंधरा वर्षं त्याच गाडीतनं येणारा गणपती ह्या वर्षी कुंभार गल्लीतनं रिक्षातनं आला. आबा रिक्षात पुढं बसले होते, मूर्ती संदीपच्या मांडीवर.

९ सप्टेंबरला आरटीओच्या ट्रॅकवर इन्स्पेक्शन झालं, गाडी पास. मुदत ऑगस्ट २०३० पर्यंत.

मधेच आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरनं जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि संदीपनं नवीन गाडीचं बुकिंग थांबवलं. हा निर्णय बरोबर ठरला. २२ सप्टेंबरपासनं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा दर २८ अधिक सेसवरनं १८ वर आला, त्यानं बघितलेली सीएनजी गाडी ८ लाख ६३ हजारावरनं ७ लाख ९० वर आली, वर रोड टॅक्स पण आपोआप पाच-सहा हजारानं उतरला. गंमत अशी की सेस पेट्रोल छोटीला १ टक्का होता आणि डिझेल छोटीला ३, दोन्ही गेले. केंद्राच्या बाजूनं छोट्या गाडीत डिझेलवरचा जो काय जादा बोजा होता तो त्या दिवशी संपला. २०२३ मधे गडकरी डिझेलवर १० टक्के जादा जीएसटी लावायचं बोलले होते आणि त्याच दिवशी असा काही प्रस्ताव नाही म्हणून खुलासा पण केला होता, त्यानंतर दोन वर्षांत गाडी उलट्या दिशेला वळली.

निकाल

दिवाळीच्या आधी नवीन सीएनजी गाडी दारात आली. जुनी पण दारात. बोळात दोन गाड्या मावत नाहीत, भांडणं सुरू झाली, एक काढायची हे नक्की झालं.

वैनींना स्क्रॅप करायची होती. त्यांचं म्हणणं, विकली तर धूर दुसऱ्याच्या पोराच्या खिडकीत. संदीपचं म्हणणं, ८० हजाराचा फरक आहे. मी संदीपच्या बाजूनं. आबा कुणाच्याच बाजूनं नव्हते, त्यांना ठेवायची होती.

डिसेंबरमधे शाहूवाडी तालुक्यातला एक दूधवाला आला, १ लाख १८ हजार, रोख नाही, थेट खात्यावर, फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या. व्यवहार चोख झाला, चौदा दिवसांच्या आत ट्रान्सफरचा अर्ज गेला, हे मी मागं लागून करून घेतलं. तो मागची सीट काढून कॅन ठेवतो आणि रोज ८० किलोमीटर फिरतो. घाट, चढ, लोड.

मग एका संध्याकाळी दुकानात बसलो असताना वैनींनीच मोबाईलवर गुणाकार केला. ८० गुणिले ३६५, वर्षाला २९,२०० किलोमीटर. कागदावरच्या दरानं १,४६० ग्रॅम. दारात होती तेव्हा १७५. आम्ही साडेतीन हजार पर्यावरण कर भरून, पास करून, गाडीला पाच वर्षं आठ पट जास्त धूर सोडायला मोकळं केलं. संदीप म्हणाला दूधवाला आधी जीप चालवायचा, ती ह्याहून वाईट असणार. असंलही. ती जीप त्यानं मोडली का कुणाला विकली हे आम्ही विचारलं नव्हतं.

चिकूला ह्या हिवाळ्यात नेब्युलायझर दोनदाच लागला, मागच्या वर्षी सहा-सात वेळा. गाडीमुळं का, पोरगं एक वर्षानं मोठं झालं म्हणून का, का पाऊस लांबला म्हणून, सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आरसीवरची तारीख जूनमधे बघितली असती तर लेट फी आणि रिक्षातला गणपती दोन्ही टळलं असतं. हे छोटं.

ग्रीन टॅक्सवरचा आबांचा प्रश्न रास्त होता, वेळ चुकली. पैसे भरून मग भांडायला हवं होतं, टोलच्या वेळी पण लोकांनी गाड्या घरात ठेवून आंदोलन केलं नव्हतं.

गॅरेजचे साडेचौदा हजार पाच वर्षं आधी, निम्म्या खर्चात झाले असते. गाडी शहरात फिरणार हे २०१९-२० पासनं दिसत होतं. तेव्हाच विकली असती तर किंमतही बरी आली असती आणि चिकूच्या खिडकीखालची पाच वर्षं वाचली असती.

सकाळची ती पाच-सात मिनिटं. मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता की ह्या इंजिनला एवढं गरम करायची गरज नाही, अर्धा मिनिट बास, मग हळू चालवत न्यायची, उलट उभ्या उभ्या काजळी जास्त धरते. आबांनी त्याचं ऐकलं, दुसऱ्या दिवसापासनं बंद. सुनेनं वर्षभर सांगितलेलं मिस्त्रीनं एका वाक्यात करून दाखवलं. ह्याला पैसे लागले नाहीत, कुठला फॉर्म लागला नाही, आणि बोळातल्या हवेपुरतं बोलायचं तर बाकी सगळ्या धावपळीपेक्षा ह्यानं जास्त फरक पडला असं मला वाटतं. मिस्त्रीकडं आम्ही पोचलो ते पीयूसी फेल झाली म्हणून. त्या पोराला तीनशे दिले असते तर पोचलो नसतो.

स्क्रॅपचं काय, तर माझा सल्ला मी आज बदलीन का? रुपयांत बघितलं तर नाही. साडेछत्तीस हजार विरुद्ध १ लाख १८ हजार, कुठल्या घराला सांगू की ८० हजार सोडा. सवलत टॅक्सच्या १५ टक्क्यांवर आहे तोपर्यंत चालू गाडी कोण मोडणार, मोडतील ते फक्त बंद पडलेल्या, ज्या तशाही धूर सोडत नाहीत. पण निदान पर्यायांच्या कागदावर आणखी एक रकाना काढायला हवा होता, गाडी पुढं किती फिरणार आणि कुठं. तो आम्ही विकल्यावर काढला. आता माझ्याकडं १५ वर्षं भरत आलेली गाडी घेऊन कुणी आलं की मी तो रकाना आधी काढतो, लोक बघतात, हसतात, आणि बहुतेक वेळा विकतातच.

आबांनी गाडीची दुसरी चावी दिलेली नाही. दूधवाल्यानं दोनदा फोन केला, आबा म्हणतात सापडंना. ती देव्हाऱ्याच्या खणात आहे, घरात सगळ्यांना माहितीय.